‘पाठवा’ दाबले, पण फॉर्म जात नाही

प्रश्न : आमच्या संस्थेचे संकेतस्थळ मी सांभाळते. फॉर्मवर ‘पाठवा’ दाबले की काहीच घडत नाही. चूक कशी शोधू?

उत्तर : क्रोममध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ टॅब उघडा आणि मगच बटण दाबा, आधी गेलेल्या विनंत्या तिथे दिसत नाहीत. पान बदलत असेल तर ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा, नाहीतर यादी पुसली जाते. नवी ओळ आलीच नाही, तर दोष बहुधा जावास्क्रिप्टमध्ये आहे; ‘कन्सोल’ टॅब पाहा. ओळ आली, तर तिच्यातला स्टेटस कोड पाहा : ४०४ म्हणजे पत्ता चुकला, ५०० म्हणजे बिघाड सर्व्हरकडे. पण खरा उलगडा त्या ओळीवर क्लिक केल्यावर दिसणाऱ्या ‘रिस्पॉन्स’मध्ये होतो. कोणता रकाना अडला, हे सर्व्हर अनेकदा तिथे स्पष्ट लिहितो आणि नेमके तेच वाचायचे राहते. मदतीसाठी या विनंत्यांची नोंद असलेली एचएआर फाइल कुणाला पाठवताना जपा. तिच्यात पासवर्ड, कुकी असू शकतात. अनोळखी माणसाला ती देऊ नका.