उसाच्या मळ्यात बारमाही भाजी



शेतकी विभागाच्या कामासाठी आम्ही वस्त्या-वस्त्यांवर फिरतो. मळ्याला बारमाही पाणी, पण मेथीची जुडी आठवडे बाजारातून, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. उसाचे बिल यायचे तेव्हा येते. भाजीला रोकड मात्र दर आठवड्याला लागते. तेव्हा घराजवळ अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे ५४५ चौरस फूट जागा उसातून मोकळी ठेवावी, असे आमचे म्हणणे आहे.

थंड मुलखात हिवाळ्यात जमीन गोठते, बाग बंद पडते. आपल्या कृष्णा-वारणा काठाला ती अडचण नाही. म्हणून कोणतीही भाजी केव्हाही येईल असे मात्र नव्हे. आपल्याकडे हंगाम ठरवतात ते ऊन आणि पाणी. टोमॅटोचेच घ्या. एप्रिल-मे महिन्यांत झाड हिरवेगार असते, फुलेही लागतात आणि गळून जातात. दिवसाचा पारा ३५ अंशांवर आणि रात्रीही उकाडा, अशा वेळी फळ नीट धरत नाही. तिथे युरियाची मूठ टाकून काही साधत नाही, उलट नुसता पाला माजतो.

पावसाळ्याच्या तोंडावर दोडका, कारली, दुधी मांडवावर चढवा; भेंडी, गवार, चवळी वरंब्यावर टोका. सपाट वाफ्यात पाणी तुंबून मुळ्या कुजतात. पाऊस ओसरल्यावर कोबी, फ्लॉवर, टोमॅटोची रोपे लावावीत, थंडीत वाटाणा, गाजर, मुळा. फेब्रुवारीत काकडी, भेंडी, गवार. भर उन्हाळ्यात तांदुळजा तग धरतो. मेथी साधारण महिन्याभरात काढणीला येते, म्हणून सगळे बी एकदम न फेकता दर पंधरवड्याला एकेक वाफा पेरावा. एकदम पेरले की आठ दिवस मेथीच मेथी, पुढे पुन्हा बाजार!

उन्हाळ्यात दोन ओळींत पाचट अंथरा, ओल टिकते. कारखान्याची मळी पूर्ण कुजलेलीच वापरा. ताजी मळी तापते व रोपे जाळते. मोरीच्या पाण्यावर अळू, केळ चांगली येते. कडेला शेवगा आणि कढीपत्ता असावाच.

आता खरी काळजीची गोष्ट. उसातले तण मारायला आपण टू-फोर-डी फवारतो. वाऱ्याने त्याचा तुषार बागेत आला, किंवा तोच पंप भाजीला वापरला, तर टोमॅटो, भेंडी व वेलवर्गीय भाज्यांचे शेंडे पिळवटतात, पाने अरुंद होऊन पंख्यासारखी दिसतात. कित्येक जण त्याला रोग समजून वर आणखी औषध मारतात. त्या झाडाला औषध नाही, पैसा मात्र जातो. तणनाशक वारा पडल्यावर, नोझल खाली धरून मारावे आणि त्याचा पंप कायमचा वेगळा ठेवून त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढावा.

दुसरे, कुणाच्या माडीवर फोरेटची जुनी पिशवी असेल तर ती भाजीच्या आळ्यात कदापि रिकामी करू नका. हे विष मुळ्यांतून झाडात भिनते, धुऊन जात नाही. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर देशात बंदी आहे. परसबाग बहुतेक घरांत माता-भगिनीच पाहतात. पंप कोणता आणि पिशवी कशाची, हे त्यांना आजच दाखवून ठेवा.

— ऊस विकास अधिकारी