छात्राध्यापक आणि खेळाच्या तासातील आत्मविश्वास

आंतरवासितेसाठी छात्राध्यापक शाळेत आले म्हणजे खेळाचा तास बहुधा त्यांच्याकडे सोपविला जातो. नवे शिक्षक मैदानावर येताच मुले हर्षतात; पण त्याच वेळी काही मुले भिंतीलगत उभी असतात. एका शाळाभेटीत अशा एका मुलीस मी कारण विचारले. "मला कुणी घेतच नाही," ती म्हणाली. छात्राध्यापकाने दोन संघनायक नेमून त्यांना आळीपाळीने गडी निवडावयास सांगितले होते आणि ती शेवटी उरली होती. त्याचा हेतू वाईट नव्हता. परंतु तिची किंमत मात्र साऱ्या वर्गासमक्ष ठरून गेली.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली स्वसामर्थ्यावरील विश्वासाचे चार आधार मांडले : स्वतः मिळविलेले यश, आपल्यासारख्याचे पाहिलेले यश, इतरांचे प्रोत्साहन आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत पहिला आधार सर्वांत बळकट होय. म्हणून नुसत्या शाबासकीने भागत नाही. मुलाला यश लाभेल अशी पाठाची रचना करावी लागते.

खो-खोचेच उदाहरण घेऊ. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी चौकांत बसतात व नववा धावतो. नवख्या मुलास एकदम सामन्यात बसविले, तर त्याची दिशा चुकते, हशा पिकतो आणि ते पुन्हा खेळावयास धजत नाही. म्हणून प्रथम खो मिळताच उठून खांबापर्यंत धावणे, नंतर सावकाश पळणाऱ्या सोबत्याचा पाठलाग आणि शेवटी पूर्ण खेळ, असा क्रम ठेवावा. गट शिक्षकानेच पाडावेत. प्रात्यक्षिकासाठी नेहमी पटाईत गडी न बोलाविता, नुकतेच शिकलेले मूल पुढे आणावे. "उशिरा उठलास" असे म्हणण्यापेक्षा "पंजांवर बैस, म्हणजे चटकन उठता येईल" असे सांगावे.

छात्राध्यापकालाही पाठाची धास्ती असते. पाठ फसू नये म्हणून तो चपळ मुलांवरच भिस्त ठेवतो. वर्गशिक्षकाने मागे राहणाऱ्या मुलांची ओळख त्याला आधीच करून द्यावी, आणि पाठानंतर "खेळ रंगला का?" एवढेच न विचारता, "त्या मुलांना किती वेळा धावावयास मिळाले?" हेही विचारावे.

आंतरवासिता संपताच छात्राध्यापक निघून जातो. मूल आपल्यापाशीच राहते. भिंतीपासून मैदानापर्यंत त्याने आणलेले ते मूल पुन्हा भिंतीकडे जाऊ न देणे, हे आपले कर्तव्य होय.