पहाटेची पोटदुखी आणि निदानाची घाई

प्रथम सुचलेले निदान केस पेपरवर उतरले की पुढची सारी तपासणी त्याला दुजोरा देण्यापुरतीच उरते. विचारातील या दोषाला अकाली निदाननिश्चिती म्हणतात आणि मण्यारदंशाच्या रुग्णात तो जिवावर बेततो. मण्यार हा रात्री वावरणारा साप जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, तेव्हा वेदना इतक्या कमी असतात की अनेकदा झोपही मोडत नाही. दातांच्या खुणा दिसतीलच असे नाही आणि सूज जवळजवळ नसते. पहाटे पोटात कळा आणि उलट्या घेऊन आलेला असा रुग्ण सापाचा उल्लेखही करत नाही, आणि ‘ॲसिडिटी’चे इंजेक्शन देऊन त्याला घरी धाडले, तर काही तासांत पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, मान उचलत नाही आणि अखेर श्वसनाचे स्नायू निकामी होतात.

म्हणून पावसाळ्याच्या दिवसांत अशा रुग्णाला, तो कोठे झोपला होता आणि झोपताना ठणठणीत होता का, हे वैद्यकीय विद्यार्थ्याने आवर्जून विचारावे. त्याला नजर वर खिळवून ठेवण्यास सांगून पापण्या खाली येतात का ते पाहावे, तसेच एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावून तो कितीपर्यंत पोहोचला हे वेळेसह नोंदवावे, कारण पुढच्या तपासणीत तो आकडा घसरला तर श्वसन दुबळे होत असल्याचा इशारा त्यातूनच मिळतो.

चाचणी वाचतानाही ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, याचे भान हवे. शिरेतील रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत न हलवता ठेवून ते २० मिनिटांनी गोठले आहे का हे पाहणारी चाचणी प्रामुख्याने घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा माग काढते. मण्यारचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर आघात करते, त्यामुळे रक्त व्यवस्थित गोठले म्हणून सर्पदंश नाकारता येत नाही. पूर्ण लुळा पडलेला, बाहुल्या विस्फारलेला रुग्णही आतून शुद्धीवर असू शकतो. त्याला मेंदूमृत समजून कृत्रिम श्वसन थांबवणे ही त्याच दोषाची दुसरी, अधिक भयंकर पायरी होय.

अभ्यासालाही हीच शिस्त लागू पडते. पाठ्यपुस्तक रोगाच्या नावापासून लक्षणांकडे जाते, रुग्ण मात्र लक्षण घेऊन येतो. त्यामुळे ‘पोटदुखी’ किंवा ‘पापणी पडणे’ अशा तक्रारींखाली स्वतःची टिपणे तयार करावीत आणि नजरेतून निसटता कामा नयेत अशी घातक कारणे त्यांत सर्वांत वर लिहावीत. राउंडपूर्वी वरिष्ठांचे निदान न वाचता संभाव्य निदानांची यादी करून प्रत्येकासमोर एक अनुकूल आणि एक प्रतिकूल मुद्दा मांडावा, आणि रुग्णाला घरी सोडताना ती यादी अंतिम निदानाशी ताडून पाहावी. प्रतिकूल मुद्द्याचा रकाना कोरा राहिला, तर निदान पक्के झाले असे न समजता रुग्णाकडे परत जाऊन त्याला नव्याने तपासावे.