जुन्या जीपचे इंधन जाते कुठे?

खानापूर, चंदगड, जोयडा या भागांतून आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरच्या अंगणात एखादी जुनी जीप उभी असते. भाताची पोती, काजूच्या गोण्या, आजारी माणूस, लग्नाचे वऱ्हाड, या सर्वांना तिने कधी ना कधी वाहून नेलेले असते. पावसाळ्यात लाल चिखलातून घरापर्यंत पोहोचणारे दुसरे वाहन पुष्कळ वाड्यांवर आजही नाही. परंतु पंपावर गेले की घरातल्यांचे तोंड कडू होते आणि "ही पितेच फार, विकून टाकू" असा विचार सुरू होतो. विकावी की ठेवावी हा निर्णय ज्याचा त्याने करावा. मात्र तो करण्यापूर्वी इंधन नेमके कोठे खर्च होते ते पाहणे इष्ट. बारावीचे पदार्थविज्ञान त्यासाठी पुरेसे आहे.

उदाहरणासाठी आपण पेट्रोलवर चालणारी सीजे-३बी जातीची जीप घेऊ. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाअखेर मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि उंच बॉनेटची ही गाडी पुढे कित्येक वर्षे आपल्याकडे बनत राहिली. माणसे व सामान धरून तिचे वस्तुमान १४०० किलो मानू. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना तिला मुख्यतः दोन विरोध सोसावे लागतात. एक चाकांचा. टायर जमिनीवर दबतो व पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा जाते. हा विरोध वजनाच्या सुमारे दोन टक्के धरला, तर २७५ न्यूटन होतो आणि वेगाबरोबर फारसा बदलत नाही. दुसरा विरोध हवेचा, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उभी काच, कापडी छप्पर व चौकोनी अंग असलेल्या या गाडीचे समोरचे क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर व आकाराचा गुणांक ०.६ धरला, तर ताशी ४० किलोमीटरला हवेचा विरोध सुमारे ९५ न्यूटन, ६० ला २१७ आणि ८० ला ३८५ न्यूटन येतो. वेग दुप्पट, विरोध चौपट.

दोन्हींची बेरीज अनुक्रमे ३७०, ४९० व ६६० न्यूटन. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, म्हणून एका लिटरमध्ये ३० मेगाज्यूल उष्णता धरू. जुने इंजिन त्यातला फार तर पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते, म्हणजे ६ मेगाज्यूल. बाकीची रेडिएटर व सायलेन्सर यांतून निघून जाते. या हिशेबाने लिटरला ४० च्या वेगाने १६, ६० ला १२ आणि ८० ला ९ किलोमीटर पडतात. प्रत्यक्षात चढ, थांबे, गिअर बदलणे यांमुळे आकडे याहून कमी येतील. शिवाय मंद वेगात इंजिनची कार्यक्षमताही घटते, त्यामुळे ४० चा फायदा कागदावर दिसतो तेवढा मिळत नाही. तरी आकड्यांची दिशा खोटी नाही. पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघही वाहने ४५ ते ५५ च्या दरम्यान चालवण्याचा सल्ला देतो.

याला आणखी एक कारण जोडून येते. या जीपचे मागच्या दांड्याचे दातांचे प्रमाण ५.३८ आहे आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन सरळ जोडलेले असते. चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर ताशी ६० ला चाक मिनिटाला ४५५ फेरे घेते आणि इंजिन २४५० फेरे. ८० ला इंजिन ३२५० च्या पुढे जाते. नांगर ओढण्याच्या कामासाठी बसवलेले हे दात हमरस्त्यावर धावण्यासाठी नाहीतच. महामार्गावर नव्या मोटारीशी शर्यत लावणाऱ्या जीपवाल्याने इंधनाची तक्रार कोणाकडे करावी?

आता गाडीचा विरोध जाणून घेण्याची एक सोपी पद्धत सांगतो. आमच्या मते ती प्रयोगवहीत लिहिण्याच्या योग्यतेची आहे. सपाट, निर्मनुष्य रस्ता आणि वारा नसलेली सकाळ निवडावी. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करावी. ताशी ५५ पर्यंत वेग घेऊन गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा, आणि वेग ५० वरून ३० वर येण्यास किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने घड्याळात मोजावे. तसेच उलट दिशेने करावे व सरासरी घ्यावी, म्हणजे रस्त्याचा बारीक उतार आपोआप वजा होतो. वेगातील फरक सेकंदाला ५.५६ मीटर. आपल्या हिशेबाप्रमाणे विरोध ३७० न्यूटन असेल तर २१ सेकंद लागले पाहिजेत. समजा १५ सेकंदच लागले. मग विरोध सुमारे ५२० न्यूटन झाला, म्हणजे १५० न्यूटन कोठेतरी विनाकारण खर्च होत आहेत. शंभर किलोमीटरला त्यांचे १५ मेगाज्यूल, म्हणजेच अडीच लिटर पेट्रोल. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत हे दीडशे लिटर झाले. लिटरला शंभर रुपये धरले तरी पंधरा हजार रुपये! एखाद्या विद्यार्थ्याच्या वर्षाच्या एस.टी. पासाचा व पुस्तकांचा खर्च त्यातून सहज भागावा.

हा चोर बहुधा ब्रेकमध्ये सापडतो. चाचणीनंतर लगेच चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. एखादा इतरांपेक्षा अधिक तापला असेल तर तो ब्रेक धरतो आहे. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले की खात्री होते. चाकाच्या सिलिंडरातले फुगलेले रबर, थकलेली स्प्रिंग यांपैकी काहीतरी निघते, आणि दुरुस्तीचा खर्च थोडा असतो. त्यानंतर हवा. कंपनीने २८ पौंड सांगितली असताना चाकात २० पौंड असेल तर टायर जास्त दबतो व अधिक ऊर्जा खातो. उलट काही मिस्त्री सांगतात तशी ती भलतीच वाढवली तर ओल्या रस्त्यावर पकड जाते, म्हणून तेही नको. पुढची चाके आत किंवा बाहेर ओढत असतील तर टायरची कड झिजते. ती झीज इंधनाने केलेली असते.

पुढच्या दांड्याविषयी लोकांचा मोठा गैरसमज आहे. फोर व्हीलचा दांडा मागे घेतला म्हणजे पुढची यंत्रणा थांबते असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात चाके फिरतात, त्यांच्याबरोबर आतले शाफ्ट, डिफरन्शिअल आणि प्रोपेलर शाफ्ट हे सारे जाड तेलात फिरत राहतात. अमेरिकेत १९४८ साली आर्थर वॉर्न यांनी मोकळे सोडता येणारे हब तयार केले ते याचसाठी. असे हब बसवल्यास थोडी बचत होते. थोडीच, विकणारा सांगतो तेवढी नव्हे. झीज कमी होते हा खरा लाभ. मात्र चिखलात शिरण्यापूर्वी ते बंद करण्याची आठवण हवी, आणि महिन्यातून एकदा काही किलोमीटर बंद ठेवून चालवावे, म्हणजे आतल्या दातांना तेल लागते.

याउलट कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून फिरणे म्हणजे गाडीशी वैर. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाटेने जातात. या जीपमध्ये पुढच्या व मागच्या दांड्यांमध्ये डिफरन्शिअल नाही, त्यामुळे तो फरक भरून निघत नाही, शाफ्ट पिळले जातात आणि टायर घासतात. चोर्ला घाटात पाऊस लागला म्हणून चालकाने फोर व्हील लावली आणि उतरल्यावर काढायला विसरला, असे प्रकार नेहमी घडतात.

इंजिनकडे वळू. आपल्याकडील गॅरेजमध्ये एक वाईट प्रथा रूढ आहे. इंजिन तापते म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. मग घाट चढताना ते तापत नाही खरे, पण एरव्ही सदा थंड राहते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, तेल घट्ट राहते आणि सिलिंडर लवकर झिजतो. तापण्याचे कारण बहुधा गाळाने भरलेला रेडिएटर असते. तो साफ करून सुमारे ८० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट परत बसवावा. याशिवाय पॉइंटची फट सुमारे अर्धा मिलिमीटर, प्लगची पाऊण मिलिमीटर, चोक पूर्ण उघडतो की नाही, फ्लोट गळतो काय, हे पाहणे. इथेनॉलमुळे जुने रबर फुगते वा तडकते, म्हणून पेट्रोलची नळी व पंपाचा पडदा बदलून घ्यावा. त्यात बचतीपेक्षाही आग टाळणे महत्त्वाचे. गाडीला डिझेल इंजिन बसवलेले असेल तर धुराकडे पाहावे. भार असताना सतत काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, नोझल व हवेचा फिल्टर तपासण्याची वेळ.

बाजारात पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबके आणि टाकीत टाकायच्या गोळ्या मिळतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. उल्लेखनीय बचत करणारे एकही सापडले नाही. तरी मित्रांचे अनुभव ऐकू येतातच, कारण मोजमाप ढिसाळ असते. मोजायचे तर टाकी काठोकाठ भरावी, तीनशे-चारशे किलोमीटर नेहमीसारखे फिरावे आणि त्याच पंपावर, त्याच जागी उभे राहून पुन्हा तेवढीच भरावी. असे तीनदा केल्याशिवाय आकडा धरू नये. मीटरही रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून घ्यावा. चाकाचा घेर २.२ वरून २.३५ मीटर झाला, म्हणजे थोडे मोठे टायर घातले, की मीटर सहा टक्क्यांहून थोडे अधिक कमी दाखवतो. मालकाला वाटते गाडी जास्त पिऊ लागली.

घाट उतरताना न्यूट्रल करून इंधन वाचवण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. गिअरमध्ये असलेले डिझेल इंजिन उतारावर जवळजवळ काहीच जाळत नाही. पेट्रोलच्या इंजिनातही वाचतात ते काही थेंब, आणि सारा भार येतो तो चार ड्रमांवर, ज्यांतला एखादा आधीच धरत असेल.

एवढे करूनही लिटरला सहा-सातच पडत असतील तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. चारपैकी एक-दोन सिलिंडर उतरलेले असल्यास उद्यमबागेत बोअर करून मिळते. त्याचा खर्च किती वर्षांत फिटेल हे वर सांगितलेल्या पद्धतीने, दर वर्षी वाचणाऱ्या लिटरांवरून काढता येईल.