चाकांवरची फळी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात गावोगावी तान्हा पोळा भरतो. गोंदिया जिल्ह्यातील केशोरी हे मिरचीसाठी नावाजलेले गाव. तेथील मुलांनाही हा सण परिचयाचा आहे. मुले लाकडी नंदी सजवतात आणि त्याला दोरीने ओढीत मिरवतात. त्या नंदीच्या पायांखाली एक फळी असते व तिला चार चाके असतात. मुलांनो, आता अशी कल्पना करा की, तो नंदी बाजूला ठेवला आहे आणि त्याच्या जागी फळीवर तुम्ही स्वतः उभे आहात. दोरी ओढणारा कोणी नाही. गती तुम्हीच द्यायची, दिशा तुम्हीच ठरवायची आणि तोलही तुम्हीच सांभाळायचा. असा एक खेळ खरोखरच आहे. त्याचे नाव स्केटबोर्ड.

या खेळाचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात झाला. तेथील तरुण समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होत. समुद्र शांत असला म्हणजे त्यांचा विरस होई. तेव्हा १९५० च्या सुमारास काहींनी फळीला चाके जोडली आणि ते रस्त्यावरूनच लाटेचा आनंद घेऊ लागले. त्या काळची चाके धातूची किंवा भाजलेल्या मातीची असत. लहानसा खडा आड आला तरी ती अडत आणि स्वार उलथून पडे. १९७० नंतर युरेथेन नावाच्या चिवट, लवचिक पदार्थाची चाके आली व ही अडचण बरीच कमी झाली. पुढे २०२१ साली टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. रस्त्यावरील अडथळ्यांच्या प्रकारात मुलींचे सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशिया हिने जिंकले. तिचे वय त्या वेळी अवघे तेरा वर्षांचे होते!

या फळीची रचना मोठी मौजेची आहे. लाकडाचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून ती बहुधा तयार करतात. तिची लांबी सुमारे ८० सेंटिमीटर व रुंदी सुमारे २० सेंटिमीटर असते. पाय घसरू नये म्हणून वर खरखरीत कागद लावलेला असतो. खाली पुढे व मागे एकेक आस असतो. प्रत्येक चाकात दोन बेअरिंगे बसवलेली असतात. सायकलीच्या चाकातील छर्रे तुम्ही पाहिले असतील. त्यांचेच काम येथे चालते. आसाजवळ रबराचे जाड तुकडे असतात. स्वाराने एका बाजूला भार दिला की, त्या बाजूचे रबर दबते, आस किंचित वळतो आणि फळी तिकडे झुकून वळू लागते. येथे हँडल नाही. शरीराचा भार हेच हँडल.

आता शिकावे कसे ते पाहू. प्रथम फळी गवतावर ठेवावी, म्हणजे ती पळणार नाही. तिच्यावर उभे राहावे आणि गुडघे थोडे वाकवावेत. ताठ गुडघ्यांनी तोल लवकर जातो. वाकलेले गुडघे धक्का पचवतात. पुढे कोणता पाय ठेवावा, हे ठरवण्याची एक सोपी युक्ती आहे. मित्राने पाठीमागून हलकेच ढकलले असता जो पाय आपोआप पुढे पडतो, तो बहुधा पुढचा पाय. तो पुढच्या आसाच्या वर ठेवावा. मग सिमेंटच्या सपाट आवारात यावे, मागच्या पायाने जमिनीला बेताचा रेटा द्यावा व तो पाय सावकाश फळीवर घ्यावा. थांबावयाचे झाल्यास तोच पाय खाली सोडून तळवा जमिनीवर अलगद घासू द्यावा. घर्षणाने वेग कमी होतो.

झाडीपट्टीतील मुलांना तोलाची ही विद्या नवी नाही. पावसाळ्यात गेडीवर चढून चिखलातून चालणारे मूल पाहा. ते गेडीवर स्थिर उभे राहू शकत नाही. सारखे पाऊल उचलीत असते. तोल क्षणोक्षणी जातो आणि क्षणोक्षणी सावरला जातो. चाकांवरही तसेच घडते.

परंतु प्रत्येक वेळी तो सावरेलच असे नाही. चाकाखाली खडा आला की फळी थांबते. शरीर मात्र जडत्वामुळे पुढेच जाते. म्हणून या खेळात पडणेही शिकावे लागते. पडताना हात ताठ करून जमिनीवर टेकणे धोक्याचे, कारण सारा भार मनगटावर येतो. अंग सैल सोडून कुशीवर लोळण घ्यावी. डोक्यावर हेल्मेट आणि गुडघे, कोपरे व मनगटे यांवर जाड पट्टे असल्यावाचून फळीवर पाय ठेवू नये. वाहनांचा रस्ता, खडीची वाट आणि ओली जमीन नेहमी टाळावी.

अशा खेळाने केवळ शरीरच घडते काय? मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तेथे उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ साली या खेळासाठी सिमेंटचे मैदान बांधले गेले. त्याचे दोन नियम होते : ‘शाळा नाही, तर फळी नाही’ आणि ‘मुलींची पाळी आधी’. गावातील आदिवासी व यादव समाज एकमेकांपासून दूर राहत. मैदानावर मात्र त्यांची मुले एकच फळी आळीपाळीने वापरू लागली. मुलींनी असले खेळ खेळावेत, ही गोष्ट गावाला सहजासहजी रुचणारी नव्हती. तरीही आशा गोंड ही आदिवासी मुलगी खेळत राहिली. २०१८ साली चीनमधील नानजिंग येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत तिने भारताचे प्रतिनिधित्व केले. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत या खेळाचे सुवर्णपदक मिळवले.

फळीला स्वाराची जात ठाऊक नसते. तो मुलगा आहे की मुलगी, हेही ती विचारीत नाही. भार चुकला की ती सर्वांना सारखेच पाडते आणि जो पुन्हा उभा राहील, त्याला पुन्हा घेऊन जाते. पहिल्या दिवशी तुम्ही दहा वेळा पडलात, तर लाजू नका. अकराव्या वेळी उठताना शेजारी पडलेल्यालाही हात द्या, म्हणजे झाले.

अभ्यास

१. स्केटबोर्डला वळण कसे मिळते, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. खडा आड आल्यावर फळी थांबते, पण स्वार पुढे पडतो. याचे कारण कोणते?
३. जनवारच्या मैदानाच्या दोन नियमांमुळे गावातील मुलामुलींना कोणता लाभ झाला असेल?
४. तोल सांभाळावा लागतो असा तुमच्या गावातील एखादा खेळ निवडा व त्याचे दहा ओळींत वर्णन लिहा.