गोल आभाळ घरी आणायचं तर किती खर्च?

रत्नागिरीजवळ भाट्याकडच्या एखाद्या माडाच्या आगरात कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवा आणि वर्तुळाकार फिशआय लेन्समधून फोटो काढा. भोवतालचे माड मध्याकडे झुकतात आणि झापांच्या मधोमध गोल आभाळ उरतं, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत १८० अंशांचं. १९२४ मध्ये रॉबिन हिल यांनी अशी लेन्स ढगांसह अख्खं आभाळ टिपायला तयार केली. जीवशास्त्रातली 'हिल अभिक्रिया' याच हिलांची. झाडांच्या पानोळ्यातून किती उजेड खाली उतरतो हे मोजायला अभ्यासक आजही ही लेन्स वापरतात.

किंमत विचारण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर कोणता ते बघा, मोठा फुल-फ्रेम की लहान एपीएस-सी. पैसे बुडतात ते इथेच. कॅननची किंवा निकॉनची ८-१५ मिमी झूम फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८ मिमीला पूर्ण वर्तुळ देते. तीच एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावली की वर्तुळ वरून-खालून कापलं जातं. एपीएस-सीवाल्याने ४ मिमीच्या आसपासची लेन्स शोधावी. पाकिटावर नुसतं 'फिशआय' लिहिलेलं असेल तर फसू नका. फिशआयचा दुसरा प्रकार वर्तुळ न देता पूर्ण चौकट भरतो.

आता पैसे. कॅनन-निकॉनची झूम नवी घेतली तर लाखाच्या पुढे. या दोन्ही लेन्स डीएसएलआरच्या माउंटच्या आहेत, त्यामुळे मिररलेस कॅमेरा असेल तर अडॅप्टरचे आणखी दहा-वीस हजार धरा. एपीएस-सीसाठी सेव्हनआर्टिझन्सची ४ मिमी लेन्स साधारण दहा ते वीस हजारांत बसते. तिला ऑटोफोकस नाही, पण तेवढ्यासाठी ती नाकारू नका. ४ मिमीला एफ ५.६ ठेवून फोकस नीट लावला, तर हाताच्या वितीइतक्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. लाखातला मोठा भाग ज्या सोयींसाठी मोजायचा, त्यांची गरज इथे फार कमी पडते. मात्र अशी लेन्स कॅमेऱ्याला ओळखता येत नाही, म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांत 'लेन्सशिवाय शटर' हा पर्याय चालू करावा लागतो.

आणखी एक खर्च बिलात दिसत नाही. चौकटीतलं वर्तुळ फार तर ५२ टक्के जागा व्यापतं, उरलेलं काळं. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असला तरी हाती साडेबारा येतात. मोठा प्रिंट काढायचा असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का बघा. मग चिऱ्याच्या भिंतीचा फोटो काढा आणि वर्तुळाची कड चारी बाजूंनी मोठी करून तपासा. एकच बाजू पुसट असेल तर भिंगं सरकलेली आहेत, परत द्या. कडेला थोडी जांभळट झालर असतेच, ती सॉफ्टवेअरमध्ये कमी होते. रात्री दूरच्या दीपगृहाच्या दिव्यावर फोकस लावून पाहा. स्वस्त लेन्सवर अनंताची खूण बरेचदा चुकीच्या जागी असते.

रत्नागिरीत खरी काळजी हवेची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वर खारा वारा. या लेन्सचं पुढचं भिंग फुगीर असतं, त्यावर फिल्टर बसत नाही, म्हणून मांडवीच्या जेटीवर उडालेला तुषार थेट काचेवर येतो. वाळलेलं मीठ कापडाने घासू नका. आधी ब्लोअरने उडवा, मग लेन्सच्या द्रावणाने अलगद टिपा. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढी सोय काही शेकड्यांत होते. आकडा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा.

कातळशिल्पांच्या नोंदीसाठी मात्र ही लेन्स घेऊ नका. रेषा वाकतात आणि मापं चुकतात. कातळाचा सडा आणि त्यावरचं तारांगण एकत्र दाखवायला ती उत्तम.

लाखाच्या लेन्सचं भाडं दिवसाला हजार धरलं, तर शंभर दिवस वापरल्यावर खरेदी वसूल होते. वर्षातून चार दिवस फोटो काढणाऱ्याला त्यासाठी पंचवीस वर्षं लागतील. म्हणून महागडी झूम हवीच असेल तर पाऊस सरल्यावर मुंबई-पुण्याहून दोन दिवस भाड्याने आणा. ट्रायपॉडचे पाय आणि स्वतःचे बूट चौकटीत येतात, तेही तेव्हाच कळेल.