लंडन: नकाशावरून पाहिलेले

लंडनचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रे उभी राहतात. थेम्स नदीवरचा 1894 सालचा टॉवर ब्रिज, राजवाड्यापुढचे लाल डगल्यातले पहारेकरी आणि बिग बेन. (बिग बेन हे मनोऱ्याचे नाव नव्हे, आतल्या घंटेचे. मनोऱ्याला 2012 पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. हे मला यंदाच कळले.) टॉवर ऑफ लंडनमध्ये आपला कोहिनूर आहे. मी अर्थातच लंडनला गेलेलो नाही. निघोजे गावाहून कॉलेजला यायचे तरी दोन गाड्या बदलाव्या लागतात. परंतु ग्रंथालयात लंडनचा मोठा नकाशा हाती लागला आणि त्यावर मी आपल्या माणसांच्या जागा शोधू लागलो.

पहिली जागा लेडनहॉल स्ट्रीट. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना 1839 मध्ये इंग्रजांनी पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले व 1853 पर्यंत तेथे झगडत राहिले. महाराज 1847 मध्ये काशीस वारले, तरी हा माणूस मागे फिरला नाही. ईस्ट इंडिया कंपनीची ती कचेरी आता उरलेली नाही. तेथे लॉईड्स या विमा बाजाराची पोलादी इमारत आहे.

थोर व्यक्ती जेथे राहिल्या त्या घरांवर लंडनमध्ये गोल निळ्या पाट्या लावतात. लोकमान्य टिळकांची पाटी होली प्लेसमध्ये आहे, सावरकरांची हायगेटमध्ये. माझे बोट मात्र प्रिमरोझ हिलजवळ, 10, किंग हेन्रीज रोड या पत्त्यावर थांबले. 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. पुढे तेथील स्थानिक प्रशासनाने संग्रहालयास परवानगी नाकारली. अखेर 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने ती दिली.

परंतु मला घरापेक्षा त्याआधीची तीन वर्षे मोठी वाटतात. बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले ते 1916 मध्ये. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान पाणतीराने बुडाले, त्यात पुस्तकेही गेली. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. तेव्हा 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टर, 1923 मध्ये डी.एस्सी. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते दिवसभर बसत, आणि रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजून खात, असे चरित्रात आहे.

हे सारे मी का मोजत बसलो, ते सांगायला हवे. आमच्या घरात शाळेपलीकडे कोणी गेले नाही. वडील चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर आहेत. रात्रपाळी असली की दिवसा ते झोपतात आणि मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसतो. यंदा चुलत्यांनी माझ्यासाठीही काम बघितले आहे. "एखादं वर्ष कर, मग शिक की," असे ते म्हणतात. सोडलेले कॉलेज पुन्हा धरलेला मुलगा मात्र मी गावात अद्याप पाहिलेला नाही.

नकाशाची प्रत मी घरी नेली. वडिलांनी ती पाटावर पसरली आणि विचारले, "त्या म्युझियमला तिकीट किती?"

"फुकट आहे."

"मग आधी तेच बघायचं," ते म्हणाले, आणि डबा घेऊन पाळीला निघाले.

चुलत्यांना उत्तर रविवारी द्यायचे आहे.